काळा पट्टा मिळणेबाबत

विषय: कमरेला काळा पट्टा मिळणेबाबत. अर्जदार: डोंगरावरच्या आखाड्यातला एक पठ्ठ्या. अर्ज तोंडी, पण मोठ्या आवाजात.

फार पूर्वी, जिथे ढग दुपारची झोप काढायला येत अशा एका डोंगरावर हा आखाडा होता. तिथले पट्टे दुकानात मिळत नसत. पांढरा धुक्यातून कातलेला, कारण नवख्याला पुढचं काहीच दिसत नसतं. पिवळा पहिल्या उन्हात वाळवलेला. हिरवा भाताच्या कोवळ्या रोपांवर अंथरून ठेवलेला, वाढ लागावी म्हणून. तपकिरी मातीत मुरवलेला, पाय जमिनीवर राहावेत म्हणून. आणि काळा अमावास्येत बुडवून काढलेला, सगळे रंग पोटात घेऊन गप्प बसणारा. गप्प बसणं अवघड असल्यामुळे तो फार थोड्यांना मिळे.

आखाड्याची एक रीत होती. नवा पट्टा स्वतः बांधायचा नाही. ज्याला हरवलं, त्याने तो बांधायचा.

पठ्ठ्या काळ्या पट्ट्यासाठी इतका झुरत होता की झोपेतही कमरेला गाठ मारी. शेवटची झुंज त्याच्या जोडीदाराशी लागली. दोघं पांढऱ्या पट्ट्यापासूनचे सोबती. ऐन झुंजीत पठ्ठ्याचा पाय दवावर घसरला. जोडीदाराने त्याला उठवायला हात पुढे केला. पठ्ठ्याने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग तो धरला, पिरगाळला आणि जोडीदाराला आडवं केलं.

हे नियमात बसत होतं. नियमात बरंच काही बसतं.

आखाडा चालवणाऱ्या गुरुआईंनी काळा पट्टा जोडीदाराच्या हाती दिला. त्याचं मनगट सुजलं होतं. गाठ बसेना.

“मुद्दाम करतोयस!” पठ्ठ्या म्हणाला.

“मुद्दाम कशाला? बोटंच वळत नाहीत, लेका.”

“मग माझा मी बांधतो!” पठ्ठ्याने करकचून गाठ मारली. पट्टा धुरासारखा सुटला आणि पायाशी पडला. पुन्हा बांधला, पुन्हा तेच. “गुरुआई, हे हो काय?”

“हात दुखतोय त्याचा आणि ओरडतोयस तू,” गुरुआई म्हणाल्या. “बरा होऊ दे त्याला. अर्ज कुठे पळून जात नाही.”

पठ्ठ्याला घाई होती, म्हणूनच तो जोडीदाराचं मनगट शेकायला बसला. हेतू शुद्ध स्वार्थाचा. पण शेकता शेकता त्याला दिसलं की याला भाकरी तोडता येत नाही. मग तो भाकरी कुस्करून देऊ लागला. त्याच्या वाटणीचं पाणीही भरू लागला. ढग येत राहिले, पांगत राहिले. सूज उतरली.

“वळली बघ बोटं,” एका सकाळी जोडीदार म्हणाला. “आण तुझा पट्टा.”

मूठ मिटताना त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली. पठ्ठ्याने ती पाहिली.

“राहू दे आज. आधी पेज पी, निवतेय.”

“अरे, गुरुआई विचारतील.”

“विचारू देत.”

तात्पर्य: पुढे आलेला हात पिरगाळून झुंज जिंकता येते, रंग चढतो तो हात जपल्यावरच.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे. अर्जदाराने त्यानंतर विचारणा केलेली नाही.