भाजायचं काम कुणाचं?

इथिओपियाच्या डोंगरातल्या एका गावात बायकांनी ठरवलं, यंदा कॉफीच्या कच्च्या बिया विकायच्या नाहीत, आपणच भाजून विकायच्या. बिया नेणारे परदेशी व्यापारी हेन्रिकसाहेब हे ऐकून हसले.

"पिकवणं तुमचं काम, भाजणं आमचं. ज्यानं त्यानं आपलं काम करावं."

त्या बायकांची म्होरकी, म्हातारी वोर्कनेश, वाद घालत बसली नाही. तिनं साहेबांना घरी कॉफीला बोलावलं. तिथली रीतच अशी, की पाहुण्यासमोर बिया भाजायच्या, कुटायच्या आणि तीन कप पाजल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही.

साहेबांपुढे कप आला. त्यात गरम पाणी आणि तळाशी हिरव्या कच्च्या बिया.

"आजी, हे काय?"

"आमचं काम झालं," म्हातारीनं निखाऱ्यावरच्या तव्याकडे बोट दाखवलं. "आता तुमचं."

साहेब इरेला पेटले. त्यांनी बिया तव्यावर ओतल्या. बघता बघता बियांचा कोळसा झाला, घर धुरानं भरलं आणि साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हातारीनं शालीच्या टोकानं ते पुसलं.

साहेबांनी तवा तिच्याकडे सरकवला. "आजी, भाजणंही तुमचंच काम."

"मग बैस, लेकरा," ती ताज्या बिया घेत म्हणाली. "तुझे तीन कप व्हायचेत अजून."