शेवटच्या दारातला वाघ

"खेळात लबाडी करून तारा मिळवणाऱ्याची गाढवावरून धिंड निघेल!" असा हुकूम राजा चंडप्रतापानं काढला, आणि दुसऱ्याच दिवशी शिपायांनी येसूला दरबारात आणून उभं केलं.

येसू गावाच्या म्हशी राखायची. म्हशी डोहात बसल्या की काठावर बसून मोबाईलवर 'बारा दारं' खेळायची. हा राजाचा लाडका खेळ. खेळायचा एकट्यानं, पण बारावं दार उघडलं की चावडीवरच्या मोठ्या पडद्यावर नावासकट तारा झळकायचा आणि गाव टाळ्या पिटायचा. आजवर तारे होते ते राजाचे आणि त्याच्या सरदारांचे. त्यांच्याच रांगेत येसूचा तारा उगवला, आणि राजाचं डोकंच फिरलं!

"म्हशी राखणारी पोर बारावं दार उघडते? अशक्य! तू चोरवाटेनं गेलीस!"

"कुठल्या चोरवाटेनं, महाराज?"

"एक गुप्त आकडा टाकला की एकही दार न उघडता तारा मिळतो. आम्हाला सगळं ठाऊक आहे!"

"अगं बाई! मला तर ठाऊकच नव्हतं," येसू म्हणाली. सरदार एकदम आपापल्या जोड्यांकडे बघू लागले.

"जास्त बोलू नकोस! खरी खेळली असशील तर सिद्ध कर. नाहीतर बाहेर गाढव उभंच आहे."

आता आली का पंचाईत! एकटीनं खेळलेल्या खेळाला साक्षीदार कुठून आणायचा? म्हशी का बोलणार आहेत? आख्ख्या गावासमोर धिंड निघाली तर आईला तोंड कसं दाखवायचं? पण येसूनं पदर खोचला आणि सरळ सिंहासनाकडे पाहिलं.

"महाराज, बारावं दार उघडलेले एवढे शूर इथं बसलेत. त्यांनाच माझी परीक्षा घेऊ द्या. फक्त आधी मला एक सांगा. शेवटच्या दारातला तो वाघ तुमच्या हातून किती वारांत पडला?"

राजानं मिशीला पीळ दिला. "तीन!"

"वाहवा!" सेनापती ओरडला. "आम्हाला तर पाच लागले!" राजापेक्षा कमी सांगायची कुणाची छाती? प्रधानाला सात लागले. खजिनदार म्हणाला, "माझी तर तलवारच मोडली हो, काय तो वाघ!"

येसूनं कोपऱ्यात उभ्या असलेल्या केशवभटाकडे हात केला. खेळ रचला होता तो यानंच. "भटजी, आता तुम्ही सांगा."

केशवभटाला घाम फुटला. "महाराज, अभय असावं... तिथं वाघ नाही."

"मग काय आहे?" राजा गरजला.

"म्हैस!" उत्तर दिलं येसूनं. "ऐन दारात फतकल मारून बसलेली. जितकं माराल तितकी फुगते. सगळे तिथंच अडकतात. मी मोबाईल मांडीवर ठेवला आणि गप्प बसून राहिले. डोहातली म्हैस काय, दारातली म्हैस काय, तिच्या मनात आल्याशिवाय उठते होय! उठली, दार उघडलं."

"अगदी बरोबर," केशवभट पुटपुटला. "हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं."

राजाचे कान लालेलाल झाले. मिशीवरचा हात खाली घेत तो हळूच म्हणाला, "मग आमच्यासारख्यांना शिक्षा काय करायची गं?"

"शिक्षा कशाला, महाराज? घरी एकटे बसून लागेल तेवढी चोरवाट वापरा! तिथं फसवणारे तुम्ही आणि फसणारेही तुम्हीच, तुमचं तुम्ही बघून घ्या. चावडीवरचा तारा तेवढा उतरवा. टाळ्या गावानं वाजवल्यात ना!"

"आणि गाढव? हुकूम तर आमचाच आहे!"

येसूनं सगळ्या दरबारावरून सावकाश नजर फिरवली.

"त्याला सोडून द्या, महाराज. एवढ्या सगळ्यांना पाठीवर घ्यायचं, म्हणजे शिक्षा त्या बिचाऱ्यालाच व्हायची!"

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता त्याचा मुकुट घरंगळला, तो प्रधानानं झेलला. त्याच दिवशी पडद्यावरचे बाकीचे सगळे तारे विझले, राहिला तो येसूचा. राजानं तिला दोन दुभत्या म्हशी आणि भरजरी लुगडं दिलं, आणि चावडीवर जाऊन पहिली टाळी स्वतः वाजवली.