लोडरच्या पाठीवरचे बुवा

"मग तुम्हीच सांगा बुवा, मी हात जोडू की पाना धरू?"

केरोबुवा चिंचा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रसेन गिरवलकर भर दुपारी टेकडी चढून मठात आला होता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"हात मोकळे असतील तर चिंचा फोड," बुवा म्हणाले.

प्रसेन बसला. एक चिंच उचलली, आणि तशीच परत ठेवली.

तो यंत्र अभियंता. पुण्यातली नोकरी सोडून मठात आला, तेव्हा त्याने बुवांकडे मंत्र मागितला नव्हता, काम मागितलं होतं. बुवांनी पायथ्याच्या गावाचं तळं दाखवलं होतं. तळं चांगलं खोल, पण कोरडं. टेकडीवरून येणारं पाणी त्याला वळसा घालून ओढ्याला निघून जायचं. पायथ्यापासून तळ्यापर्यंत एक चर खोदला की झालं. पण चराची वाट घरांच्या मागच्या भिंती आणि टेकडी यांच्यामधून जाते, आणि तिथे मोठं यंत्र शिरत नाही.

म्हणून एका संस्थेकडून छोटा लोडर आला होता. पुढे बकेट, मागे इंजिन, आत एकाच माणसाची जागा. जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं ठेंगू. संस्था हे यंत्र गावोगाव फिरवते. आज संध्याकाळी ट्रेलर येणार होता आणि ठेंगू पुढच्या गावाला जाणार होता. तळं डोळ्यांसमोर दिसत होतं, पण चर अजून तिथवर पोचला नव्हता. आज पोचला नाही तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा टँकरची वाट बघायची.

आणि ठेंगू तापत होता.

"थोडा वेळ चालतो," प्रसेन सांगू लागला. "मग काटा लाल पट्ट्यात जातो, शिटी वाजते, इंजिन आपोआप बंद होतं. मग तो थंड होईपर्यंत मी बसून राहायचं. सकाळपासून हेच."

सगळं तपासून झालं होतं. कूलंट भरलेलं. पट्टा ताठ. पंखा फिरतो. रेडिएटरच्या पापुद्र्यांतली धूळ त्याने हवेने झोडून काढली होती, आतून बाहेर, जशी काढायला हवी तशी.

"एकच गोष्ट राहिली," तो म्हणाला. "तुम्ही."

बुवांचा हात थांबला.

"यंत्राच्या पाठीला जाळी असते. तिथून हवा खेळते, म्हणून इंजिन थंड राहतं. त्या जाळीवर तुमचा फोटो आहे. एवढा मोठा फ्लेक्स. एक हात वर केलेला. खाली लिहिलंय, बुवांच्या कृपेने."

"हसतोय का मी?"

"कुठे?"

"फोटोत."

प्रसेनने दात आवळले. "हो."

बुवांनी मान डोलावली आणि पुढची चिंच घेतली.

"तुम्ही हवा अडवताय, बुवा."

"मग सोड की मला."

तिथेच तर सगळं अडलं होतं. संस्थेने या गावाला आधी नकार दिला होता. मग बुवांनी एकाजवळ निरोप धाडला, आणि यंत्र आलं. तेव्हा गावाने बुवांनाच यंत्राच्या पाठीवर बांधलं. चराकाठी इठाबाईचं घर. ती रोज सकाळी फोटोला कुंकू लावून नारळ ठेवायची, मगच ठेंगू सुरू व्हायचा. आज प्रसेनने फ्लेक्सच्या दोरीला हात घातला, तर ती त्या तापलेल्या जाळीला पाठ लावून उभी राहिली. चरातल्या माणसांनी पहारी खाली ठेवल्या. सरपंच शांतपणे म्हणाले, साहेब, आम्ही तुम्हाला तुमचं यंत्र शिकवत नाही, तुम्ही आम्हाला आमचे बुवा शिकवू नका.

"यांना देव्हारा आणि रेडिएटर यातला फरक कळत नाही," प्रसेन म्हणाला. "मी कुणासाठी करतोय हे? मला तर इथं पाणीही भरायचं नाही. यांना तळं हवंय की फोटो? ... तुम्ही एक शब्द टाका. नुसतं सांगा, काढा म्हणून."

"शब्दानं गाठ सुटत नाही."

बुवांनी चिंचांवर गोणपाट टाकलं, काठी घेतली आणि टेकडी उतरू लागले.

बुवा आलेले बघून गाव गोळा झालं. इठाबाई पाया पडली. बुवा सरळ लोडरच्या मागे गेले आणि दोरीची गाठ सोडवू लागले. गाठ घट्ट होती. कुणीतरी पुढे झालं, त्याला त्यांनी कोपराने बाजूला सारलं. बराच वेळ गेला. मग फ्लेक्स सुटला.

त्यांनी तो झटकला, चराकाठच्या कडुलिंबाच्या सावलीत अंथरला, आणि स्वतःच्याच तोंडावर मांडी घालून बसले.

इठाबाईने पदर तोंडाशी नेला.

"जमीन लई तापलीया, इठा," बुवा म्हणाले. "बूड भाजतं."

एक-दोघं हसले. ती हसली नाही.

"चालव," बुवा प्रसेनला म्हणाले.

प्रसेन बकेटवर पाय देऊन आत चढला. सुरुवातीची माती भुसभुशीत होती. ठेंगू बकेट भरत होता, गर्रकन फिरत होता, रितं करून परत येत होता. काटा मधोमध. प्रसेनने आतूनच बोट दाखवून तो काटा सरपंचांना दाखवला. मग इठाबाईलाही दाखवला.

पुढे टणक मुरमाची पट्टी लागली. सकाळपासून याच पट्टीशी झुंज चालली होती. बकेटचे दात तिच्यात रुतले आणि अडकले.

प्रसेनने यंत्र चालवायचे दोन्ही दांडे पुढे रेटले. इंजिन गुरगुरलं, चाकं जागच्या जागी माती उकरू लागली, धुरळा उडाला. बकेट हललं नाही. त्याने दांडे आणखी रेटले आणि तसेच धरून ठेवले. माघार घेणं त्याला कधी जमलं नव्हतं. ज्या माणसाला पुण्यातली नोकरी अडवू शकली नाही, त्याला हा मुरूम काय अडवणार? त्याने ओठ चावले. धरून ठेवलं... अजून धरून ठेवलं...

शिटी वाजली. काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन बंद पडलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर प्रसेनला बरं वाटलं असतं.

इठाबाई पुढे आली. सकाळी फोटोसाठी ठेवलेला नारळ तिने काठावरून उचलला.

"आता आणखी कुणाला काढायचं राह्यलं, बाबा?"

आणि ती घरात गेली. तिच्यामागे बाकीचेही पांगले. भांडण नाही, आवाज नाही. पहारी खांद्यावर टाकल्या आणि गेले.

प्रसेन खाली उतरला आणि चाकाला लाथ मारली. लागलं ते पायालाच. मग लंगडत लिंबाखाली आला आणि बोलतच सुटला. थर्मोस्टॅट असेल, पाण्याचा पंप असेल, नाहीतर हेड गॅस्केट गेलं असेल. म्हणजे सगळं खोलायला हवं. सुटे भाग तालुक्याला. वेळ नाही. माणसं नाहीत. यंत्र साथ देत नाही, लोक साथ देत नाहीत, आणि सगळ्या गावात हे तळं भरावं असं वाटणारा तो एकटाच वेडा आहे.

"बुवा, काहीतरी बोला."

"या लिंबाला ढकल."

"काय?"

"ढकल. दोन्ही हातांनी."

"बुवा, ही वेळ आहे का..."

"बोला म्हणालास. बोललो."

प्रसेनने त्यांच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे. संताप कुठेतरी काढायचाच होता. त्याने खोडाला तळवे लावले, पाय रोवले आणि ढकललं. चपला घसरल्या, त्या त्याने फेकून दिल्या. पुन्हा ढकललं. मानेच्या शिरा फुगल्या. नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकू लागला.

बुवा पायावर चढलेला एक मुंगळा बघत होते.

"थांबू?" प्रसेनने धापा टाकत विचारलं.

"मी कुठं थांब म्हटलं?"

त्याने आणखी ढकललं. दंड थरथरायला लागले. शेवटी तो खोडाला धरूनच खाली बसला. अंगातून वाफा निघत होत्या.

"झाड हललं?"

"कसं हलेल?"

"मग घाम कुठून आला?"

प्रसेनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं. आणि ते ओठांवर येता येता थांबलं.

त्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. त्यांवर लिंबाच्या सालीचे वळ उठले होते. मग त्याने लोडरकडे पाहिलं. बकेट अजून त्या मुरमात तसंच रुतून होतं.

तो उठला, अनवाणीच गेला, आणि हायड्रॉलिकच्या, म्हणजे बकेट हलवणाऱ्या तेलाच्या टाकीवर हात ठेवला. चटका बसला. हात झटकन मागे आला.

बकेट हलत नसताना दांडा धरून ठेवला, तर दाबाखालच्या तेलाला जायला जागा उरत नाही. मग ते रिलीफ व्हॉल्वच्या चिंचोळ्या वाटेतून पिळून निघतं आणि परत टाकीत पडतं. इंजिनाची सगळी ताकद मुरमापर्यंत पोचतच नाही. तिची नुसती उष्णता होते. या प्रश्नाला परीक्षेत प्रसेनला पैकीच्या पैकी गुण होते. सकाळपासून त्याने अख्खं यंत्र तपासलं होतं, फक्त आत बसून दांडे कोण धरतंय ते तपासलं नव्हतं.

"बिघाड नाहीच आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

मुरूम आधी पहारीने फोडायचा. लोडरने फक्त उचलायचा. इतकंच.

आणि पहारी गावात गेल्या होत्या.

"बुवा, त्यांना बोलावता का?"

"माझ्याकडं कुठं पहार आहे?"

त्याने फेकलेल्या चपला शोधून पायात घातल्या. ठेंगूची सावली लांब होत चालली, तेव्हा कुठे निघाला.

इठाबाईच्या दारात उभं राहून त्याने आधी तेल, दाब आणि व्हॉल्व समजावायला सुरुवात केली. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. त्याने व्हॉल्वची गोष्ट अर्ध्यावरच सोडली.

"मावशी, चूक माझ्या हातात होती. सगळा दोष मी फोटोवर टाकला."

"मंग बांधू परत फोटो?"

हो म्हणणं सोपं होतं. त्या एका शब्दावर सगळं गाव पहारी घेऊन आलं असतं.

"नको," तो म्हणाला. "त्यानेही हवा अडते. थोडी, पण अडते. खोटं कसं सांगू?"

इठाबाईने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बस. आधी भाकर खा. यंत्राला थंड व्हाया वेळ लागतो म्हनं. तुला बी लागंल."

तो जेवेपर्यंत तिने धाकट्या दिराला हाक मारली, दिराने सरपंचांना. जेवून तो चरापाशी आला, तेव्हा पहारींचे ठोके सुरू झाले होते.

पट्टी फुटत गेली तशी प्रसेन ढेकळं उचलत गेला. बकेट जरा अडलं की दांडा मागे घ्यायचा. दर वेळी त्याच्या जिवावर यायचं, दर वेळी तो घ्यायचा. मागे सरून थांबायचा, चरातली माणसं पुन्हा घाव घालायची, मग पुढे यायचा. कधी सरपंच हात वर करून त्याला थांबवायचे, आणि तो थांबायचा. काटा मधोमध होता. त्याने तो कुणाला दाखवला नाही.

रस्त्यावर ट्रेलरचा हॉर्न वाजला, तेव्हा चर तळ्याला भिडला होता. इठाबाई काठाच्या ताज्या मातीवरून तोल सावरत तळ्यापर्यंत जाऊन आली.

ठेंगू ट्रेलरवर चढला. लोक त्याच्यामागे वेशीपर्यंत गेले. प्रसेन लिंबाकडे परतला. बुवा अजून फ्लेक्सवर बसलेले.

तो त्यांच्यासमोर बसला. खूप दमला होता. पण त्याला राहवलं नाही.

"बुवा, फोटो काढून भागणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला यंत्रातलं काय कळतं?"

"मग काढलात कशाला?" दुपारची चीड पुन्हा त्याच्या आवाजात आली. "त्या बाईचं मन दुखावलंत. चारचौघांत स्वतःच्या तोंडावर बसलात. आणि ठेंगू तर तापायचा तो तापलाच."

बुवांनी हात पुढे केला. प्रसेनने धरून त्यांना उठवलं. ते काठीवर रेलले.

"फोटो होता तोवर तुझी हवा अडली होती, लेका."