महाराजांची उशी आणि माडावरचा नारळ

राजा धीरसेनाने फर्मान काढले, "आजपासून माझ्या राज्यात कुणीही धोका पत्करायचा नाही!"

कारण तसेच भयंकर होते. वाड्याच्या तिसऱ्या पायरीवर महाराजांचा पाय घसरला होता. ढोपर खरचटले होते. एवढ्या मोठ्या संकटानंतर राज्याने सावध व्हायलाच हवे! महाराज पोटावर एक आणि पाठीवर एक उशी बांधून फिरू लागले. मासळीत काटा असतो, म्हणून नुसता मऊ भात जेवू लागले. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. माडावर चढणे तर मोठाच गुन्हा ठरला.

धाकू हा नारळ पाडणारा. बिचारा दोन महिने गप्प बसला. मग घरात चूल पेटेना, तेव्हा चढला एका माडावर. खाली उतरताच शिपायांनी त्याला धरले.

त्याची मुलगी आवडी दरबारात आली.

"महाराज, माझ्या बाबांना सोडा."

"अगं, तुझा बाप पडला असता तर?"

"तीस वर्षांत एकदाही पडले नाहीत, महाराज."

"म्हणजे आता पडायची वेळ आलीच होती!" दिवाणजी म्हणाले. साऱ्या दरबाराने माना डोलावल्या.

राजा म्हणाला, "पोरी, माझ्या बागेतला एक नारळ खाली आणून दाखव. कुणी वर चढायचं नाही, कोयता लावायचा नाही, दगड मारायचा नाही. आणलास तर बाप सुटला. नाहीतर जन्मभर कोठडीत. ती जागा फार सुरक्षित आहे!"

"एवढंच ना? मग चला बागेत."

बागेतल्या सर्वांत उंच माडाखाली आवडीने चटई अंथरली.

"बसा, महाराज. दिवाणजी, तुम्हीही टेका."

"आणि नारळ?"

"येतोय की! दोन महिने कुणी पाडले नाहीत, सगळे सुकून लोंबताहेत. आता ते आपोआप येतात. चढायला नको, कोयता नको. तुमचा हुकूम तंतोतंत पाळतात!"

राजाने वर पाहिले. दिवाणजी हळूच चटईच्या कडेला सरकले.

"कधी पडेल गं?"

"ते नारळ सांगत नाही."

"कुठे पडेल?"

"तेही सांगत नाही. उशा मात्र तुम्ही चुकीच्या जागी बांधल्यात, महाराज!"

तेवढ्यात वारा सुटला. झावळ्या सळसळल्या आणि... धप्प! चटईपासून हातभर अंतरावर नारळ आदळला. महाराज असे पळाले, की दिवाणजींना गाठता गाठता पुढेच निघून गेले!

"घ्या, महाराज, आला नारळ," आवडी म्हणाली. "दुसरा हवा असेल तर परत येऊन बसा."

"धाकूला सोडा!" राजा विहिरीआडून ओरडला. "आत्ता वर चढवा त्याला! सगळे पाडून घ्या!"

"पण चढण्यात धोका आहे ना, महाराज?"

"आहे की नाही, तूच सांग बाई!"

"आहे तर! पण तो बाबांच्या ओळखीचा आहे. पाय कुठे रोवायचा, नारळ कुणीकडे टाकायचा, सारं त्यांना ठाऊक. तुमच्या या बिनधोक्याच्या नारळाला तर तुमचं डोकं कुठं आहे तेही ठाऊक नाही!"

राजा आधी गोरामोरा झाला, मग इतका हसला, की पोटावरच्या उशीची नाडी तुटली. धाकू सुटला. बागेतले निम्मे नारळ दरवर्षी आवडीच्या घरी जातील, असा हुकूम झाला.

"आणि आज जेवायला मासळी करा," राजा म्हणाला. "काट्यांसकट!"

"पण महाराज, काटा अडकला तर?" दिवाणजी घाबरले.

"अडकला तर खोकू, दिवाणजी!"