ठमाकड्याची हाक

बसा इथंच, कातळावर. पुढं जाऊ नका, खाली सरळ कोकण आहे, मध्ये काही नाही. आणि ताई, ते अत्तर की काय फवारलंय ना तुम्ही, त्याची आता काही भीती नाही. आधीच्या दिवसांत मी तुम्हाला इथवर आणलंच नसतं. मोहोळाच्या माशीला तो वास खपत नाही. तुमच्या एकटीपायी सगळ्यांना पळता भुई थोडी झाली असती.

पालथे पडा आणि मान काढून बघा. कड्याच्या पोटात छपरासारखा पुढं आलेला दगड आहे, त्याच्याखाली काळपट डाग दिसतात? एकेक सुपाएवढा. ते पावसाचे नाहीत. तिथं आग्यामोहोळं लागायची. लहानपणी मी मोजायला बसायचो, चाळीसच्या पुढं गेलं की चुकायचो. ह्याला ठमाकडा म्हणतात. नकाशावर दुसरंच नाव आहे, ते मोजणीवाल्यांनी ठेवलंय. ठमा कोण ते सांगतो, पण तो मोबाईल खिशात ठेवा. समोर कुणी फोटो काढत असलं की माझं बोलणं तुटतं.

गोष्ट फार जुनी. किती जुनी ते विचारू नका. माझ्या आजाला त्याच्या आजानं सांगितली होती. त्या काळी आमच्या उंबरदऱ्यात मधावर बरीच घरं चालायची. मध काढणारा दोरावरून कड्याखाली उतरायचा, आणि वर दोर धरायचा तो त्याचा मेव्हणा. बायकोचा भाऊ. दुसरा कुणी नाही, पाठचा सख्खा भाऊसुद्धा नाही. का? भावाचा जमिनीवर डोळा असू शकतो. पण मेव्हणा स्वतःच्या बहिणीचं कुंकू हातातून सुटू देईल का? हसताय काय, लई विचार करून ठरवलेलं आहे ते!

नवसू नावाचा एक मध काढणारा होता, आणि ठमा त्याची बायको. तिचा भाऊ बुधा नवसूचा दोर धरायचा. एका भादव्यात बुधा तापानं गेला. ठमाला दुसरा भाऊ नव्हता. चैत्र आला, मोहोळं मधानं ओथंबली, आणि नवसूला दोर धरायला माणूस नाही. बाकीचे मेव्हणे आपापल्या दाजींच्या दोराला. शेवटी नवसू बायकोला म्हणाला, "तूच धर." तिनं झाडाला दोन वेढे दिले, पाय रोवले आणि धरला. नवसू सुखरूप वर आला, टोपल्या भरून मध आला. त्या दिवशी गावात कुणी एक शब्द काढला नाही, असं सांगतात. सगळ्यांनी बोटं चाटली.

पुढं पावसाळा संपला, दसरा गेला, दिवाळी गेली. माश्या आल्या नाहीत. दरवर्षी देशाकडून यायच्या, दिसायच्या आधी आवाज यायचा. त्या वर्षी आवाजच नाही. माणसं कामं टाकून आभाळाकडं बघत उभी राहायची म्हणे. माघ उजाडला तरी कडा मोकळाच.

मग पंच बसले. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं नजर लागली. आणि एकानं आठवण काढली की गेल्या साली दोराला बाईचा हात लागला होता. झालं! सगळ्यांना हायसं वाटलं. कारण सापडलं, आणि ते आपल्या घरातलं नव्हतं. ठरलं ते असं, की ठमानं गाव सोडून कड्यावर राहायचं. माश्या परत आल्या की तिनंही परत यायचं. तोवर वर कुणी पाऊल ठेवायचं नाही. वर्षातून एकदा, अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवसूनं खालच्या खिंडीत उभं राहून हाक मारून विचारायचं, आणि तिनं वरून सांगायचं. कड्याचं तोंड कोकणाकडं, गाव पाठीला. मोहोळं लागली की नाही, हे गावातून दिसतच नाही.

नवसू त्या बैठकीत होता. "मीच तिला धर म्हणालो," एवढंच त्याला बोलायचं होतं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मला विचाराल तर मला त्याचा राग येतो. इतक्या पिढ्या गेल्या तरी येतो.

ठमा वर आली. ह्या मागच्या झाडीत तिनं कारवीच्या काठ्यांची खोप बांधली. पहिल्या वर्षी ती दिवसभर मोठ्यानं बोलायची म्हणे, चुलीशी, वाऱ्याशी, मेलेल्या बुधाशी. खिंडीतून जाणाऱ्या गुराख्यांना ऐकू यायचं. दुसऱ्या वर्षी ऐकू येईनासं झालं. तिचं बोलायचं संपलं असेल, दुसरं काय? घरची आठवण येऊन येऊन माणूस किती बोलेल? अखितीला नवसू खिंडीत यायचा, नागलीचं अर्धं पोतं दगडावर ठेवायचा आणि विचारायचा, "ठमे, आल्या का गं?" वरून उत्तर यायचं, "नाही आल्या!" वर्षभरात नवराबायकोचं बोलणं तेवढंच.

पण वर राहणाऱ्याला खालचं सगळं दिसतं बघा. फाल्गुनात गावानं राब भाजायला, पेरायच्या जागेवर पालापाचोळा जाळायला, आग लावली की ती बांधावर थांबत नव्हती, फुलावर आलेली अख्खी उतरण जळत जायची. कोळशासाठी हिरड्याची झाडं पडत होती, ऐन मोहरातली. उन्हाळ्यात पाण्याचा एकच डोह उरायचा, त्यात बाया गेळफळं ठेचून टाकायच्या, मासे गुंगून वर यावेत म्हणून. आणि तेच पाणी माशीनं प्यायचं. हे काही त्याच साली सुरू झालं नव्हतं. पण गावात राहून तिला ते कधी दिसलं नव्हतं, कारण ती स्वतःच त्या बायांत होती.

आणि एक गोष्ट त्या दोघा नवराबायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि अळ्यांचा भाग माशीला ठेवायचा, ही आमची जुनी रीत. पण बाजारात मेणाला गिऱ्हाईक आलं तेव्हा नवसू पोळंच्या पोळं खरवडून काढायला लागला होता. टोपल्या ठमानं दोरानं वर ओढल्या होत्या. त्या नेहमीपेक्षा जड आहेत हे तिच्या हाताला कळलं होतं. वर आल्यावर तिनं पांढऱ्या अळ्या गळताना बघितल्याही होत्या. ती काही बोलली नाही, उलट टोपली जड लागली म्हणून तिला बरं वाटलं होतं. पंचांनी ठेवला तो आळ खोटा, पण आपण अगदीच कोऱ्या नाही, हे तिला इथं बसून उमगलं. ते कुणाला सांगणार? ऐकायला होतं कोण?

मग तिनं जमेल ते धरलं. माथ्याभोवतीचं गवत दर माघात कापून जमीन उघडी करायची, म्हणजे खालची आग वर चढू नये. झऱ्यावरून हंडा आणून कातळातल्या ह्या खळग्यात ओतायचा, त्यात काटक्या टाकायच्या, म्हणजे माशीला बसून पिता येईल. यायला माशी नव्हती, तरी ओतायची. अशी सहा वर्षं गेली. खाली वेलांना फुलं यायची आणि गळायची. काकडी नाही, भोपळा नाही, कारळं फुलून पिवळंधमक व्हायचं आणि मळणीला नुसतं भूस. गाव चांगलंच हबकलं.

सातव्या वर्षी माथ्यावरची कारवी फुलली, ती सात वर्षांतून एकदाच फुलते. बाकी डोंगरावरची जळून गेली होती, इथली तिनं राखलेली. आणि दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी आवाज आला. ठमा पालथी पडून बघते, तर छपराखाली एक मोहोळ लोंबतंय. एकच. ती तिथंच रडली म्हणे, मोठ्यानं रडली. का नाही रडणार? तिची शिक्षा संपली होती. उठून खिंडीत जायचं आणि सांगायचं, एवढंच बाकी होतं.

ती गेली नाही. सांगितलं तर काय होईल हे तिला समोर दिसत होतं. तोच नवसू, तोच कोयता, तोच मेणाचा व्यापारी. एका मोहोळाला किती वेळ लागतो? तरी अखितीपर्यंत तिचं मन रोज मागंपुढं होत राहिलं असणार. मी म्हणतो, कुणाचंही झालं असतं. अखितीला नवसू आला. आवाज म्हातारा झाला होता. "ठमे, आल्या का गं?" त्या वर्षी उत्तराला उशीर झाला. मग आलं, "नाही आल्या!"

पुढल्या साली तीन मोहोळं लागली, मग सात, मग मोजायची गरज उरली नाही. खाली कारळ्यात दाणा धरायला लागला, गावानं देवीला नारळ फोडले. आणि ठमा दर अखितीला तेच सांगत राहिली. घरी जायची वाट तिनं स्वतःच्या तोंडानं दरवर्षी बंद केली. अशी किती वर्षं, कुणी बारा सांगतं, कुणी अठरा.

एका अखितीला नवसूनं हाक मारली आणि उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. मग पंचांची बंदी मोडून तो एकटा वर चढला. ठमा खोपीत होती, गेल्याला दोन दिवस झाले असावेत. खळग्यात पाणी मात्र अजून होतं, आणि त्यावर माश्या बसलेल्या. त्यानं कड्यावरून वाकून बघितलं. अख्खं छप्पर मोहोळांनी काळं झालं होतं. जन्मभर मध काढलेला माणूस, बघताक्षणी समजला की हे एका सालचं नाही. ती आपल्याशी किती वर्षं खोटं बोलली आणि का बोलली, ते सगळं त्याला तिथं कळलं.

खिंडीत गाव जमलं होतं. पंचांनी खालून ओरडून विचारलं, "काय रे नवसू, आल्या का?"

बैठकीत जो माणूस तोंड उघडू शकला नव्हता, तो कड्यावर उभा राहून गळा फाडून ओरडला, "नाही आल्या!"

तो मग खाली उतरलाच नाही. तिच्याच खोपीत राहिला, पाणी ओतत राहिला, आणि मरायच्या आधी गावातल्या जाणत्यांना वर बोलावून सगळं सांगितलं. पंचांचा म्होरक्या ह्या कातळावर डोकं टेकून बसला होता म्हणे. तेव्हापासून ह्या कड्याला दोर लागला नाही.

आजही अखितीला गाव खिंडीत जमतं आणि हाक मारतं, "ठमे, आल्या का गं?" वरून उत्तर द्यायचं ते गावातल्या एकट्या माणसानं, ज्याच्या घरी दिवा लावणारं दुसरं कुणी नाही त्यानं. वर्षभर खळग्यात पाणी घालायचं कामही त्याचंच. आमची ही गेली आणि मुलं नाशकाला राहिली, तेव्हापासून ते माझ्याकडं आहे. कड्याला मोहोळं लटकलेली असायची, गुणगुण इथवर ऐकू यायची, आणि मी खुशाल ओरडायचो, नाही आल्या! खाली पोरंसोरं टाळ्या पिटायची. सगळ्यांना ठाऊक, हा म्हातारा खोटं बोलतोय.

मग माश्या मरायला लागल्या. तेव्हा कॉलेजातले काही लोक आले होते, मेलेल्या माश्या बाटलीत घालून घेऊन गेले. एकजण म्हणाला पठारावरच्या टोमॅटोची फवारणी, दुसरा म्हणाला पावसाचं चक्र बिघडलं, तिसऱ्यानं कसल्या रोगाचं नाव सांगितलं. गावात विचाराल तर टोमॅटोवाले हॉटेलवाल्यांच्या दिव्यांकडं बोट दाखवतात आणि हॉटेलवाले टोमॅटोवाल्यांकडं. मला विचारलं तर मी म्हणेन सगळंच असेल, थोडं थोडं. पण मला कुणी विचारत नाही. मला एकच प्रश्न विचारतात, अखितीला, खालून.

चार वर्षं झाली, एकही मोहोळ लागलेलं नाही. ठमाच्या त्या पहिल्या खोट्यापासून ह्या कातळावरून ज्यानं ज्यानं उत्तर दिलं, तो खोटं बोलला. खरं बोलायची पाळी माझ्यावर आली.