पीएचडी कशात धरायची?

"म्हणजे महाराज, माझी पीएचडी कशातच धरणार नाहीत?"

"नाही."

"निदान अर्ध्या पेपराला तरी?"

"पाव पेपरालासुद्धा नाही, सर," गिरीबुवा म्हणाले, आणि त्यांनी शेंग फोडून दोन दाणे तोंडात टाकले.

पिंपळखोरीच्या मठाच्या ओसरीवर हे बोलणं चाललं होतं. डॉक्टर टिपणीसांनी चौतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत त्यांना कुणी एकही शंका विचारायला आलं नव्हतं.

मठाच्या जुन्या गोठ्यात आता बारा संगणक होते. भगवी वस्त्रं घेण्याआधी बुवा एका बँकेचं नेटवर्क सांभाळत. तेच आता आसपासच्या मुलामुलींना शिकवत. सकाळी संगणकाच्या प्राथमिक परीक्षेचा वर्ग, दुपारी एका संगणक कंपनीच्या प्रमाणपत्राचा. चैत्रात बुवा नर्मदा परिक्रमेला निघणार होते; सकाळचा वर्ग जुने विद्यार्थी घेणार होते, पण दुपारच्या वर्गासाठी शिक्षक हवा होता. हे कानावर आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं टिपणीस सर हजर झाले. काखेत फाइल होतीच.

अडचण एवढीच होती, की कंपनीचा वर्ग घ्यायला कंपनीचंच प्रमाणपत्र लागतं. त्याचे चार पेपर. मात्र ज्याच्याकडे प्राथमिकचं प्रमाणपत्र असेल, त्याला पहिला पेपर माफ. ही प्राथमिक परीक्षा कुठल्याच कंपनीची नाही, पण ही कंपनी ती मान्य करते.

"प्राथमिकला बसतं तरी कोण?" सरांनी विचारलं.

"दहावी झालेली पोरं असतात. गेल्या खेपेला आमचा पोस्टमनही बसला होता."

"आणि पोस्टमनचं प्रमाणपत्र कंपनी धरते?"

"धरते की."

"माझं धरत नाही?"

"लहान मोठ्यात धरतात, सर. मोठं लहानात धरत नाहीत."

सरांनी फाइल जमिनीवर ठेवली. जरा जोरातच.

"हा कुठला न्याय, महाराज? जो माणूस डोंगर चढून आलाय, त्याला उंबरा ओलांडता येतो, हे गृहीतच धरायचं असतं!"

"मघाशी आत येताना आमच्या उंबऱ्याला कोण ठेचकाळलं?"

सरांनी अंगठा हळूच धोतराखाली ओढून घेतला.

"बरं, एक सांगा," बुवा म्हणाले. "तुमच्या पीएचडीची मुदत कधी संपते?"

"मुदत? ती कधीच संपत नाही."

"प्राथमिकची तीन वर्षांत संपते. पुन्हा बसावं लागतं."

"मग माझीच वरचढ झाली!"

"म्हणूनच धरत नसतील."

...

सरांना काहीतरी सणसणीत उत्तर द्यायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण त्याच वेळी त्यांना दिवाळीतली आवराआवर आठवली. माळ्यावरून त्यांनी स्वतःचा प्रबंध काढला होता आणि मोठ्या हौसेनं वाचायला घेतला होता. ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. आज का कोण जाणे, तोंडातून निघून गेली.

"महाराज, दिवाळीत मी माझा प्रबंध वाचला... तिसाव्या पानानंतर लेखकाला काय म्हणायचंय, तेच मला कळेना."

बुवा असे हसले, की मांडीवरच्या शेंगा ओसरीभर झाल्या. सरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. वाकून शेंगा गोळा करता करता तेही हसू लागले.

"एक प्रश्न विचारू?" डोळे पुसत बुवा म्हणाले. "प्राथमिकचाच आहे."

"विचारा." सर ताठ बसले.

"एका बाईंचा फोन येतो. म्हणतात, माझा संगणक बिघडलाय. तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? विजेचा दाब मोजाल, संगणक उघडाल, आतलं सगळं पुसून नव्यानं भराल, की..."

"विजेचा दाब! सगळ्याचं मूळ तिथंच असतं."

"चौथा पर्याय राहिला, सर."

"कोणता?"

"बाईंना विचाराल, नेमकं काय झालं?"

...

गोठ्यात पोरींचा कसला तरी हशा पिकला. सरांना उगाचच वाटलं, तो आपल्यालाच आहे. चौतीस वर्षांत आपण किती विद्यार्थ्यांना प्रश्न पुरा करू दिला, याची ते मनातल्या मनात मोजदाद करू लागले. एक देशपांडे आठवला. पण तो तोतरा होता, त्याच्यापुढे इलाज नव्हता. आणि त्यालाही आपण शेवटचा शब्द पुरवलाच होता.

"अर्ज द्या," सर म्हणाले.

बुवांनी कोनाड्यातून एक कागद काढून दिला. सरांनी नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली, ती दोनदा तपासली. फोटोचा चौकोन मोकळा ठेवला. मग त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्षण कुठं लिहू?"

"तो रकाना नाही."

"नाहीच?"

"लिहायचंच असेल तर मागं लिहा. मागची बाजू कोरी आहे."

सरांनी कागद परत उलटा केला. ती पांढरी शुभ्र बाजू बराच वेळ पाहिली. प्रबंधाचं नाव तेवढ्यात मावलं असतं, बारीक अक्षरात का होईना. त्यांनी पेन टेकवलं...

आणि टोपण लावून खिशात ठेवून दिलं.

बुवांनी सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

"तो पोस्टमन," दाणे चावत सरांनी विचारलं, "पास झाला का हो?"

"पंच्याऐंशी टक्के."

"अरे देवा!"

"घाबरलात?"

"खरं सांगू, महाराज? झोप उडणार आहे माझी. त्या पोरांच्या शेजारी बसायचं, म्हणजे..." सरांनी वाक्य तसंच सोडलं. मग चाचरत म्हणाले, "समजा, पास झालो. मग?"

"मग एक पेपर माफ. राहिलेले तीन द्या आणि दुपारचा वर्ग घ्या."

"आणि समजा... नापास झालो तर?"

बुवा उठले. त्यांनी ओच्यातली टरफलं अंगणात झटकली, आणि गोठ्याकडे जाता जाता वळून म्हणाले,

"तर दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या वर्गात पहिला बाक तुमचा."