कोल्ह्याच्या भट्टीवर शेकलेली हलगी

पटो न पटो, एके काळी वीटभट्टी कोल्ह्याची होती आणि विटा वाहायची गाढवं. कोल्हा शिंगरांच्या पाठीवरही ओझं लादू लागला, तेव्हा गाढवांची हलगी कडाडली. तिच्या ठेक्यावर सगळी गाढवं ओढ्याकाठी जमली आणि काम बंद पडलं.

कोल्हा हसत आला. "हलगीबाई, ओलीनं कातडं सैल पडलंय तुमचं. माझ्या भट्टीवर शेकून घ्या. गाणं तुमचंच वाजवा, माझी कुठं ना आहे?"

"आमच्या पाचटाच्या जाळाला काय धाड भरलीय?" चंद्री गाढवीण फणकारली. "हा फुकट शेकतोय म्हणजे डाव आहे."

"तुला मेलीला सगळ्यांचाच संशय!" म्हणत हलगी गेली.

भट्टीवर तापून ती अशी वाजली, की गाढवं ओढ्याकाठून नाचतच भट्टीवर पोचली. त्या तालातच त्यांच्या पाठीवर विटा चढल्या. शिंगरांच्यासुद्धा.

चंद्रीनं आपल्या शिंगराच्या वाटेतच बसकण मारली.

"आई, ऊठ ना! गाणं आपलंच आहे."

"आहे ना. आता पाय कुणाच्या अंगणात आहेत ते बघ."

शिंगरू बघायला थांबलं. मागची सगळी रांग त्याच्यावर अडखळली, विटा घसरल्या, आणि हलगी एकटीच वाजत राहिली.